वाटेचा भरवसा

राजगडाच्या पश्चिम अंगाला पाली दरवाजा आहे आणि त्या वाटेच्या तळाशी पाली हे गाव. गडावर जायच्या वाटा बऱ्याच आहेत. गुंजवण्याकडून चोर दरवाजाने जाणारी वाट अंगावर येते, कड्याला हात लावून चढावी लागते. पालीची वाट रुंद, पायऱ्यांची, आणि तिच्या माथ्यावरची कमान अंबारीसकट हत्ती आत यावा इतकी उंच. सुमारे पंचवीस वर्षे राजधानी राहिलेल्या गडाची ही मोठी वाट. इथे येणारा माणूस वर पाहतो. मला मात्र या वाटेकडे पाहताना चढण्यापेक्षा उतरण्याचाच विचार जास्त येतो. या गडाच्या इतिहासातल्या कितीतरी मोठ्या गोष्टींची सुरुवात गड उतरण्याने झाली आहे.

5 मार्च 1666, फाल्गुन शुद्ध नवमी. शिवाजी महाराज राजगडाहून आग्र्याला निघाले. पुरंदरचा तह होऊन वर्षही झाले नव्हते. सोबत संभाजीराजे होते, त्यांना नववे वर्ष चालू होते. मागे कारभार जिजाबाईंच्या नजरेखाली. वाटखर्चाला बादशहाकडून एक लाख रुपये मंजूर झाले होते आणि सुरक्षिततेची हमी मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दाची. तो शब्द खरा होता, पण तो पाळणे त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. निघण्याची तारीख शकावलीत आहे आणि तिच्याबद्दल फारसा वाद नाही. परतण्याच्या तारखेवर मात्र अभ्यासकांत एकमत नाही. कोणी सप्टेंबर धरतो, कोणी नोव्हेंबर. निघण्याचा दिवस माणूस ठरवतो. परतण्याचा दिवस वाट ठरवते, आणि इथे तर वेष बदलून, लपतछपत केलेली वाट होती.

त्या प्रस्थानाशी आपल्या प्रवासांची बरोबरी करायची नाही. पण प्रस्थान ठेवण्याची जी जुनी चाल आपल्याकडे होती, ती राजालाही होती आणि काशीला निघालेल्या भिक्षुकालाही. मुहूर्त आजचा आणि निघणे परवाचे, असे झाले की सुपारी, मूठभर तांदूळ, एखादे नाणे उपरण्यात बांधून जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे किंवा देवळात नेऊन ठेवायचे. माणूस घरात जेवतो, झोपतो, पण निघालेला असतो. पंचांगात दिशाशूल असे: सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जाऊ नये, मंगळवारी आणि बुधवारी उत्तरेला, गुरुवारी दक्षिणेला, शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला. आज हे कोणी पाळत नाही आणि पाळावे असे मी म्हणत नाही. पण प्रवास अनिश्चित असतो हे मान्य करून त्याच्यासाठी मनाची जागा करण्याची एक रीत त्यात होती, ती मला फार शहाणपणाची वाटते. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते चार पैसे मिळवायला आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकातला माणूस वाटेत लुटला जातो, उपाशी राहतो, आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी येतो. तेव्हाच्या माणसाला लांबचा प्रवास म्हणजे काय हे निघण्याआधीच ठाऊक असे.

आपल्याला ते ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही. नवी गाडी घेऊन पालीहून निघालेला माणूस किल्ली फिरवतो आणि संध्याकाळी गोव्यात असतो. मधले सगळे त्याच्या काचेवरून सरकून जाते. जुनी गाडी असली की ही सोय संपते, आणि माझ्या मते तिथे प्रवास सुरू होतो.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांची. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आधी फियाट म्हणून निघाली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली आणि या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा माणसांनी तिला हार घातले, फोटो काढले. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आरटीओत पासिंग करून घ्यावे लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा. म्हणजे कायद्यालाही एवढे मान्य आहे की पंधरा वर्षांपलीकडच्या गाडीवर एकदाच विश्वास टाकून भागत नाही, तो पुन्हा पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

अशा गाडीचे प्रस्थान आदल्या दिवशीच ठेवले जाते. ऑइलची काडी ओढून पाहायची, पुसायची, पुन्हा बुडवून पाहायची. रेडिएटरचे पाणी, बॅटरीचे पाणी, फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून किती दबतो ते. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पॉलिशपेपरने घासायचे, फट नीट करायची. डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, जुने फडके, एक जादा बेल्ट, एक जादा कंडेन्सर, जादा पॉइंट, तारेचा तुकडा, पाना, पक्कड, चाकाखाली लावायला दगड. हे सगळे करताना मन प्रवासात शिरलेले असते. पहाटे चोक ओढून सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्या दमात लागले नाही, तर घरातल्या माणसांनी बाहेर येऊन मागून धक्का द्यायचा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, आणि गाडी लागली की थांबायचे नाही, हात हलवून पुढे जायचे.

पालीहून आम्ही कानद नदी ओलांडून पाब्याला येतो आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागतो. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण वडापच्या जीपवाल्यांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. मग विंझर, मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ, भोर, आणि भोरच्या पुढे नीरेच्या खोऱ्यातून वरंधा घाट उतरून महाड. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पायवाटा पुष्कळ: मढे घाट, उपांड्या, गोप्या, शेवत्या. मोटारीची मळलेली वाट वरंध्याची, आणि तीही पावसाळ्यात दरड आली की बंद. फाल्गुनात ती उघडी असते. कोकणात शिमग्याला जाणारी माणसे याच वाटेने उतरतात. पांगारा फुललेला असतो, आणि ऊन असे की दुपारी डांबर मऊ होते.

या उन्हातच जुनी गाडी आपले खरे रूप दाखवते. तिचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला. इंजिन तापले की पंप तापतो, नळीतले पेट्रोल वाफ होते, आणि जो पंप द्रव ओढण्यासाठी केला आहे त्याला वाफ ओढता येत नाही. गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. टाकीत पेट्रोल आहे, प्लगला ठिणगी आहे, इंजिन धड आहे, आणि तरी गाडी चालत नाही. उपाय एकच, ओले फडके पंपावर टाकायचे आणि वाट पाहायची. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच पश्चिम महाराष्ट्रातल्या उसापासूनही ते तयार होते, आणि जुन्या गाड्यांच्या रबराच्या नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला ते मानवत नाही. उसाला भाव मिळावा हे मला हवे आहे, आणि वडिलांच्या गाडीची नळी फुगते याचे वाईटही वाटते. दोन्ही खरे आहे.

बंद पडलेल्या गाडीजवळ उभे राहिल्यावर जे दिसू लागते त्याबद्दल मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने 1927 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात फार मोलाचे लिहून ठेवले आहे. त्याचे उदाहरण हातोडीचे. हातोडी नीट चालत असते तोवर कारागिराला ती दिसतच नाही. त्याचे लक्ष खिळ्यावर, फळीवर, होणाऱ्या घरावर असते. ती मोडली की एकदम समोर येते, आणि तिच्याबरोबर ती ज्या कामाच्या जाळ्यात गुंतलेली होती ते सगळे जाळे उजेडात येते. गाडीचेही तसेच होते. चालत्या गाडीतून भोर हे फक्त एक वळण असते. गाडी बंद पडली की भोर म्हणजे पंक्चरवाला, पाण्याचा नळ, सावली देणारे झाड, पंप उघडू शकणारा मिस्त्री आणि त्याचा दुपारच्या जेवणाला घरी गेलेला पोरगा.

मोटारीचा जन्मच या जाळ्यात झाला आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था बेंझ आपल्या नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फॉर्त्सहाइमला माहेरी गेली. वाट शंभर किलोमीटरच्या थोडी पुढची. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो सांगितला जातो. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची पिन घालून ती साफ केली. तार घासत होती तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले तेव्हा वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले. ब्रेकचे लाकूड झिजले तर एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण मला तिच्यात त्या चांभाराचे आणि औषधवाल्याचे महत्त्व जास्त वाटते. मोटारीसाठी जगात अजून एकही गॅरेज नव्हते, पेट्रोलपंप नव्हता, आणि तरी ती गाडी पोहोचली, कारण घोड्यांच्या काळातली वाट माणसांनी भरलेली होती. गाडीने त्यांच्याच भरवशावर पहिला पल्ला मारला.

वरंध्यात उतरताना माझाही भरवसा गाडीवर नसतो. ब्रेकचे ड्रम तापतात आणि पाय खोल जायला लागतो, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर उतरायचे. घाटात वाघजाईचे देऊळ आहे, भजी आणि चहाच्या टपऱ्या आहेत, माकडे आहेत. तिथे गाडी थांबवून बॉनेट उघडले की कोणी तरी येतेच. “ताई, तापली का? झाकण उघडू नका लगेच, उडंल अंगावर.” मग बसायला प्लास्टिकची खुर्ची, पाण्याचा तांब्या, आणि “कुठपर्यंत निघालाय?” हा प्रश्न. एसटीचा ड्रायव्हर वळणावर वेग कमी करून हाताने विचारतो, सगळे ठीक ना. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे ते नगर धावली. त्यानंतरच्या पिढ्यांत डोंगरातल्या माणसाला वाटेवरच्या अनोळख्याची फिकीर करायची सवय लावण्यात या ड्रायव्हर-कंडक्टरांचा वाटा मोठा आहे, असे मला मनापासून वाटते. शेवटची गाडी चुकलेल्या बाईसाठी ते थांबले आहेत, बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवले आहे. हे कुठल्या नियमावलीत नाही.

इथपर्यंत सगळे सुखाचे आहे, आणि असा प्रवास करणारा माणूस इथेच थांबतो. जुनी गाडी, घाटातला चहा, भली माणसे. मला थांबता येत नाही, कारण घाट उतरला की महाड येते.

महाडकडे येण्याआधी 1901 सालची एक गोष्ट. साताऱ्याला राहणारा भीमराव नावाचा मुलगा घरातल्या मुलांबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. नवे कपडे, पहिला रेल्वेप्रवास, मसूर स्टेशन. मुले येत असल्याचे वडिलांना कळलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले उभे होते. विटाळ होईल म्हणून एकही न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. रात्र पडली. डबा होता, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर पाणी मिळावे म्हणून गाडीवानाने सांगितले की मुसलमान आहोत असे सांगा. मुलाने तसे सांगितले, उर्दूत सांगितले, तरी पाणी मिळाले नाही. मुले भुकेली झोपली, कारण कोरड्या घशाने जेवता येत नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रवास ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला. त्याच आठवणींत 1929 सालचे चाळीसगाव आहे. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरला न्यायला टांगेवाला तयार होईना, म्हणून महारवाड्यातल्या, टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेब जखमी झाले.

तिथे बैल धड होते, चाके धड होती, टांगा धड होता. बंद पडली होती ती वाट.

हायडेगरच्या हातोडीची गोष्ट इथे मला अपुरी पडते. मोडल्यावर जे जाळे उजेडात येते ते कोणासाठी विणलेले आहे, हा प्रश्न त्याच्या कार्यशाळेत उद्भवत नाही. आपल्या रस्त्यांवर तो पहिला प्रश्न आहे. विहिरी होत्या, धर्मशाळा होत्या, पाणपोया होत्या, पुण्य म्हणून बांधलेल्या. पण आपल्याकडे पाणी मागण्याआधी जात सांगावी लागत असे. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पैशाने बांधलेली, चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने त्याला धरून आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले, तळ्यावर नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले. हायडेगरचा ग्रंथ आणि चवदार तळे एकाच सालातले. हा योगायोगच, पण यंत्र मोडते तेव्हा काय दिसते आणि समाज मोडलेला असतो तेव्हा काय दिसते, हे दोन्ही मी एकत्रच वाचते.

त्या मार्चमध्ये महाडला आलेली माणसे रायगड-रत्नागिरीच्या खेड्यांतून चालत, गाडीने, बोटीने आली होती. बहुतेकांना ठाऊक होते की वाटेत कोणी पाणी देणार नाही. त्यांनी शिदोऱ्या घेतल्या आणि निघाली. लांबच्या, बेभरवशाच्या प्रवासाला निघणे म्हणजे काय, याचे मराठी मुलखातले हे मला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण आहे. त्यांच्याकडे ना वाहन धड होते ना वाट. भरवसा होता तो पोहोचण्याच्या ठिकाणावर, आणि ते ठिकाणही त्यांना पोहोचल्यानंतरच लढून आपले करायचे होते.

म्हणून वाघजाईच्या टपरीवर मिळालेला पाण्याचा तांब्या मी सहज मिळालेला म्हणून घेऊ शकत नाही. तो मला कोणीही न विचारता मिळतो, यामागे माझ्या जन्माची सोय किती आणि चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांची कमाई किती, हे वेगळे काढता येत नाही. आजही गप्पांत “कुठपर्यंत?” नंतर “गाव कुठलं?” येते आणि त्यानंतर कधी कधी “आडनाव काय?” येते. बहुतेक वेळा त्यामागे ओळख काढण्याची आवड असते. पण ज्याने या प्रश्नानंतर चेहरे बदलताना पाहिले आहेत, त्याच्यासाठी बंद पडलेली गाडी माझ्या गाडीपेक्षा वेगळ्या ठिकाणी बंद पडते. त्याच्याजवळ पक्की, नवी, न थांबणारी गाडी असावी, असे त्याला वाटत असेल तर ते मला पुरते समजते. जुन्या गाडीची ओढ ही ज्याला वाटेने कधी फसवले नाही त्याची ओढ आहे. बाईलाही रात्रीच्या घाटात ही ओढ परवडत नाही. म्हणून मी वरंधा उन्हातच उतरते.

महाडच्या पुढे महामार्ग आता चौपदरी झाला आहे. कशेडीला घाटाऐवजी बोगदा आहे, कडेला लोखंडी कठडे आहेत, टपऱ्या मागे सरकल्या आहेत, आणि अडचण आली तर 1033 या नंबरवर फोन करता येतो. या नंबरवर आडनाव सांगावे लागत नाही, मदत उपकार म्हणून येत नाही, आणि हे मला टपरीच्या चहाइतकेच मोलाचे वाटते. वाटेचा चांगुलपणा हक्क होतो तो असाच, कंटाळवाण्या सरकारी नंबरातून. तरी मी पद्मिनी विकणार नाही. पंपावर ओले फडके टाकून उभे राहावे लागते तेव्हाच मी त्या रस्त्यावरच्या माणसांशी बोलते, आणि त्यांच्याशी बोलल्यावाचून ही वाट आता कोणासाठी किती उघडी आहे हे कळायला दुसरा उपाय नाही.

महाडच्या चौकात चवदार तळ्याची पाटी आहे. तिथून आत वळले तर कशेडीपर्यंत पोहोचायला उशीर होतो, शिमग्याच्या गर्दीत तर फारच. तरी वळायचे, हे पालीहून निघतानाच ठरलेले असते.